तिसऱ्या पादाची उपेक्षा

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रुग्ण. पैकी पहिल्या दोहोंविषयी आपल्या संमेलनांत नित्य चर्चा होते. उपस्थात्याविषयी, म्हणजेच परिचारिकेविषयी, क्वचितच कोणी बोलतो. परिणामी चिकित्सालयात पांढरा कोट घालून वावरणारी प्रत्येक मुलगी आपल्या लेखी 'सिस्टर'च ठरते. हा प्रघात रुग्णाच्या हिताचा नाही, असे आम्हांस वाटते.

परिचर्येत शिक्षणानुसार निश्चित श्रेणी आहेत. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तो पूर्ण करणारी आरोग्यसेविका मुख्यतः उपकेंद्रात माता-बालसंगोपन व लसीकरण पाहते. जी.एन.एम. तीन वर्षांचा, तर बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. या दोन्हींतून रुग्णकक्ष सांभाळणाऱ्या परिचारिका घडतात. शासकीय रुग्णालयांत त्यांच्यावर कक्षप्रमुख म्हणून परिसेविका व सर्वांवर अधिसेविका असते. पंचकर्म साहाय्यक याहून निराळा. स्नेहन-स्वेदनात त्याचा हात निष्णात असतो. शिरेवाटे औषध देणे हे मात्र त्याच्या शिक्षणाचे क्षेत्र नव्हे. उलटपक्षी, शिरेवाटे औषध देण्यात कुशल परिचारिकेस निरूहाचा प्रत्यागमनकाल ठाऊक असेलच, असेही नाही.

हा भेद केवळ कागदावरचा नाही. वमनाचे वेग मोजणे, नाडी व रक्तदाब नोंदणे, निरूह एका मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांत, परत न आल्यास वैद्यास तत्काळ कळविणे, ही कामे जाणत्या व्यक्तीचीच आहेत. शोधनानंतरची स्वाभाविक ग्लानी कोणती आणि उपद्रवाची सुरुवात कोणती, हे अशिक्षित डोळ्यास कळत नाही; आणि त्या क्षणी वैद्य रुग्णाजवळ असतोच असे नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंचाही येथे संबंध आहे. कल्प कितीही उत्तम असो, तो जेवणापूर्वी द्यावयाचा की नंतर, कोमट पाण्यासह की मधासह, हे आंतररुग्णविभागात परिचारिकेच्याच हातून पाळले जाते.

म्हणून आमची सूचना अशी : प्रत्येक चिकित्सालयाने कर्मचाऱ्याचे शिक्षण व त्यानुसार सोपविलेली कामे लेखी ठेवावीत. नोंदणीकृत परिचारिकांसाठी संघटनेने पंचकर्म-परिचर्येचे वर्ग घ्यावेत. उपस्थात्याच्या गुणांत चरकांनी उपचारांचे ज्ञान प्रथम सांगितले. दक्षता, अनुराग व शुचिता त्यानंतर. सेवाभावाची अपेक्षा आपण सारेच करतो. ते ज्ञान देण्याचे आणि त्यास साजेसे वेतन देण्याचे दायित्वही आपलेच आहे.