दोन मिलिमीटरचा भुंगेरा आणि लाभाचा हिशेब

पक्षाच्या साप्ताहिकात भुंगेऱ्यावर लेख कशाला, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. परंतु हा विषय वस्तुतः अर्थशास्त्राचाच आहे.

साल्व्हिनिया ही मूळची आग्नेय ब्राझीलमधील तरंगती पाणवनस्पती. केरळात तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात. तेथील कालवे व भातखाचरे तिने अशी व्यापली की होड्या अडू लागल्या आणि ती उपसण्याच्या मजुरीवरच हेक्टरी २३५ रुपये खर्च होऊ लागले. उपाय सापडला तो जेमतेम दोन मिलिमीटरच्या, सोंड असलेल्या एका भुंगेऱ्यात. तो या एकाच वनस्पतीवर जगतो. प्रौढ कीटक कोंब खातो, अळी खोड पोखरते. भातपिकाला त्याचा उपद्रव नाही.

हा शोध सहज लागलेला नाही. आधी त्रिनिदादहून तसाच दिसणारा दुसरा भुंगेरा आफ्रिकेत नेला गेला आणि निष्प्रभ ठरला, कारण तो निराळ्याच साल्व्हिनियावर पोसलेला होता. आपल्या साल्व्हिनियाची स्वतंत्र जात १९७२ साली नोंदली गेली, तिचे मूळ स्थान १९७८ मध्ये सापडले आणि १९८० साली ऑस्ट्रेलियातील मूनडारा सरोवरात सोडलेल्या योग्य भुंगेऱ्याने वर्ष-सव्वा वर्षात ते मोकळे केले. १९८३ साली तो बंगळुरात व त्यापाठोपाठ केरळात आला.

तणनाशक दरसाल विकता येते. भुंगेरा मात्र एकदा सोडला की आपोआप वाढतो, शेजाऱ्याच्या पाण्यातही जातो. त्याचे बिल कोणाच्या नावे फाडणार? म्हणून हे काम भांडवलदारांनी नव्हे, सरकारी संशोधन संस्थांनी केले. श्रीलंकेतील अशाच मोहिमेच्या १९८९ सालच्या अभ्यासात एका रुपयामागे ५३ रुपयांचा लाभ दिसून आला. जे अर्थतज्ज्ञ सार्वजनिक संशोधनाला उधळपट्टी म्हणतात, त्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

येथवर सारे आपल्या मनासारखे आहे. परंतु केरळच्या हिशेबात वाचलेली मजुरी हाच ‘लाभ’ म्हणून मांडलेला आहे. मालकाची ती बचत म्हणजे मजुराच्या घरातील बुडालेला रोज. यास्तव भुंगेऱ्याला विरोध करावा असे मी म्हणणार नाही. चिखलात उभे राहून तण उपसण्याचे कष्ट कोणाच्याच वाट्याला येऊ नयेत. मात्र जनतेच्या पैशाने साधलेली बचत जमीनधारकाच्याच पदरात का पडावी, आणि गेलेल्या रोजगाराच्या जागी काय मिळणार, हे आपल्या शेतमजूर संघटनांनी अशा प्रत्येक योजनेच्या आरंभीच विचारले पाहिजे.