सरकारी साइटचं रूप बदलतंय, पण मेनूचं काय?

एखादा दाखला कसा काढायचा ते बघायला सरकारी साइट उघडा. मोबाइलवर आधी मोठे फोटो येतात. मेनू असतो कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेषांमागे. त्या दाबल्या की 'आमच्याविषयी', 'संघटनात्मक रचना', 'निविदा', 'अधिनियम'. दाखला यातल्या कशात असेल? शेवटी आपण गूगलवरच परत येतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने 'डिजिटल ब्रँड आयडेंटिटी मॅन्युअल' आणलं. सगळ्या सरकारी साइट एकसारख्या दिसाव्यात, रंग, फॉन्ट, आयकॉन ठरलेले असावेत, असा हेतू. चांगलंच आहे. एक साइट जमली की दुसरीकडे अडखळायला नको. पण माझ्या मते खरी अडचण रंगांची नाहीच. मेनू कार्यालयाच्या रचनेवरून बनतो, लोक कशासाठी येतात यावरून नाही. ब्रिटनने २०१२ मध्ये गव्ह.यूके सुरू करून विभागांच्या वेगवेगळ्या साइट एका जागी आणायला घेतल्या. तिथे विषय सरळ लोकांच्या कामाचे: गाडी चालवणं, जन्म-मृत्यू-लग्न, कर. कोणतं खातं ते माहीत नसलं तरी चालतं.

त्या तीन रेषा तशा जुन्या. १९८१ च्या झेरॉक्स स्टार कॉम्प्युटरसाठी नॉर्म कॉक्स यांनी हे चिन्ह काढलं, स्मार्टफोनच्या छोट्या स्क्रीनमुळे ते सगळीकडे पसरलं. जागा वाचते खरी, पण नीलसन नॉर्मन ग्रुपच्या २०१६ च्या चाचण्यांत दिसलं की लपवलेला मेनू लोक कमी वापरतात आणि काम शोधायला जास्त वेळ लागतो. म्हणून जास्त लागणारी तीन-चार कामं स्क्रीनवर उघडीच ठेवावीत, बाकीची रेषांमागे गेली तरी चालतील.

ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांचा त्रास वेगळाच. रेषांच्या बटणाला कोडमध्ये नाव दिलेलं नसेल, तर टॉकबॅक ते बटण कशाचं आहे हे सांगूच शकत नाही. खरं तर दुरुस्ती एका ओळीची, 'एरिया-लेबल' लिहायचं. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीनांच्या केवायसीच्या अडचणींवर निकाल देताना, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय. तेव्हा हे सोयीपुरतं राहिलेलं नाही.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये, ॲक्सेसिबिलिटीखाली टॉकबॅक सापडेल. ते चालू करा, डोळे मिटा आणि तुमच्या जिल्ह्याच्या साइटवर उत्पन्नाचा दाखला शोधून बघा.