नावं बदलतात, म्हणून काय झालं?

मंडळी, पक्षी बघणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते. "हे शास्त्रज्ञ सारखी नावं बदलतात, मग पाठ तरी कशाला करायची?" मला काही ही तक्रार पटत नाही. का ते सांगते.

आपल्याकडे तपकिरी टोपीचा एक इवलासा सुतार पक्षी आहे. लांबी जेमतेम 13 सेंटीमीटर, म्हणजे चिमणीपेक्षाही लहान! त्याला कधी डेंड्रोकोपस वंशात घातलं, कधी पिकॉइडसमध्ये. एकेकाळी तर तो इंडोनेशियातल्या छोट्या सुताराचाच एक प्रकार मानला जाई. आधार मुख्यतः रंगरूपाचा. काळीपांढरी नक्षी दिसली की एका घरात! पण दोन गावचे दोन कुलकर्णी, आडनाव एक म्हणून भाऊबंद ठरतात का? 2015 साली फुक्स आणि पाँस या अभ्यासकांनी जनुकं तपासून नवी मांडणी केली आणि जपानपासून सुलावेसीपर्यंतच्या या चिमुकल्यांना युंगिपिकस हे वेगळं घर मिळालं. गंमत म्हणजे हे नाव जुनंच, बोनापार्टने 1854 मध्ये दिलेलं.

बरं, नावं मनाला येईल तशी बदलतात म्हणावं, तर तसंही नाही. इंडोनेशियातल्या त्या छोट्या सुताराचं नाव मोलुकेन्सिस, म्हणजे मोलुक्का बेटांवरचा. प्रत्यक्षात तो तिथे राहतच नाही! पण 1788 मध्ये ग्मेलिनने दिलेलं ते पहिलं नाव, म्हणून नियमाप्रमाणे आजही तेच चालतं.

आता खरा मुद्दा. फिलिपाइन्सच्या दक्षिणेला सुलू बेटं आहेत. तिथला छोटा सुतार पूर्वी बाकीच्या फिलिपाइन्समधल्या सुतारातच मोजला जाई. तो स्वतंत्र जात आहे असं मानल्यावर लक्षात आलं, की जगात हा पक्षी फक्त या मूठभर बेटांवर आहे आणि तिथलं जंगल कमी होतंय. आता धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. मोठ्या कुटुंबाच्या शिरगणतीत त्याची काळजी कोणी केली असती?

वर्गात साठ मुलं असली, तरी हजेरी एकेकाचं नाव घेऊनच घ्यायची असते. नुसतं 'साठ' म्हटलं, तर कोण गैरहजर आहे ते कळत नाही. वर्गीकरण म्हणजे दुसरं काय?

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.