पुस्तक मिटा, गोष्ट सांगा

परमुलखात इंग्रजी शिकवायला गेलेला मास्तर स्वतः तिथे काय शिकतो? लाफ्काडिओ हर्नचेच पाहा ना. ग्रीक आई आणि आयरिश बाप यांचा हा मुलगा १८९० साली जपानात मात्सुए गावी इंग्रजीचा शिक्षक झाला. पुढे टोकियोच्या विद्यापीठात त्याने इंग्रजी साहित्य शिकवले आणि १९०४ साली तिथेच देह ठेवला.

दिवसा तो मुलांना शिकवी. रात्री बायको, सेत्सु, त्याला गोष्टी सांगे. तिला इंग्रजी येत नव्हते, त्याचे जपानी मोडकेतोडके. दोघांची मिळून एक घरगुती बोलीच झाली होती! सेत्सु जुनी पुस्तके धुंडाळून वाचून ठेवी. पण सांगताना पुस्तक हाती धरायचे नाही, अशी हर्नची सक्त ताकीद. गोष्ट तिच्याच शब्दांत हवी. भुताखेतांची असली, की दिव्याची वातही बारीक होई. अशा रात्रींतूनच 'क्वाइदान' हा कथासंग्रह उभा राहिला. मुलांसाठीही त्याने जपानी कथा इंग्रजीत लिहिल्या. मांजरांची चित्रे काढणाऱ्या मुलाची गोष्ट १८९८ साली सुरकुतलेल्या जपानी कागदावर सचित्र छापली गेली.

व्याकरणापायी त्या घरात एकही गोष्ट अडली नाही. आपल्याकडे नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, गोष्टींची पुस्तके कपाटभर असतात. आणि आजी मात्र 'मला मेलीला कुठलं येतंय इंग्रजी' म्हणून गप्प बसते. या दिवाळीत फराळ झाला, की मुलांना तिच्याभोवती बसवा. दिवा थोडा बारीक करा. पुढचे ती पाहून घेईल.