पाखरू वाचवायचे, पण कोणाच्या जिवावर?



ज्वारी हुरड्यात आली की पहाटेपासून माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायची, हे आपल्यातल्या बहुतेकांनी केले आहे. पाखरू किती खाते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्याच पाखराने कपाशीवरची अळी वेचलेलीही आपण पाहिली आहे. मग कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात तारकर्लीच्या समुद्रपाखरांची गोष्ट कशाला? कारण तिथला आणि आपला प्रश्न एकच आहे. पाखरू वाचवायचे, पण कोणाच्या जिवावर?

तारकर्ली हे मालवण तालुक्यातले, कर्ली नदीच्या मुखाजवळचे गाव. या किनाऱ्यावर मच्छीमार रापण ओढतात. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून ओढायचे लांबलचक जाळे. दोन्ही टोकांना माणसे लागतात आणि येईल ती मासळी वाट्याने वाटली जाते. जाळे किनाऱ्याला लागले की वर कुरव आणि घारी घिरट्या घालू लागतात. माणूस आणि पाखरू एकाच मासळीवर जगतात. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड याच किनारपट्टीवर उंच झाडावर घरटे बांधतो. ते झाड बहुधा कोणाच्या तरी वाडीतले असते. मालकाने कुऱ्हाड उचलली, तर त्या घडीला कोणता कायदा आडवा येणार आहे?

१३ एप्रिल १९८७ रोजी सरकारने मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य जाहीर केले. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पट्टा त्यात आला. हेतू चांगला होता. पण मासेमारी बंद होणार या भीतीने मच्छीमार विरोधात उभे राहिले. ती भीती खुळी म्हणता येणार नाही. ज्याच्या चुलीवर रेघ ओढायची त्यालाच शेवटी कळवायचे, ही या देशातली जुनी रीत आहे.

कोरडवाहू मुलुखाला ही रीत ठाऊक आहे. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झाले, तेव्हा कागदावर सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर जमीन त्यात गेली. गावे, शेते, रस्ते, सगळे आत. जमीन विकायची तर अडचण, काही उभारायचे तर अडचण. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर तीन दशके गेली होती. आज नान्नजला माळढोक दिसणेच दुर्मिळ झाले आहे. पक्षी घटण्याची कारणे अनेक आहेत, पण ज्यांच्या माळावर तो अंडी घालतो त्यांना परके करून तो वाचला नाही, एवढे नक्की.

दुसरी वाटही याच सिंधुदुर्गात आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर गुहेत पाकोळ्या लाळेची घरटी करतात. ती घरटी परदेशात सूपासाठी विकली जात. चोरटे बांबू बांधून ती उतरवत. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हा प्रकार उजेडात आणला आणि वनखात्याबरोबर संरक्षणाचे काम उभे राहिले. वेंगुर्ल्याच्याच मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया २०१७ पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन आणि त्यातली पाखरे दाखवतात. तिथे खंड्या झाडावर बसला तर घरात चार पैसे येतात. अशा बाईला कांदळवन तोडू नका म्हणून सांगायला शिपाई लागत नाही.

आणि समुद्र रिता कोणी केला? रापणवाल्याने नव्हे. यांत्रिक नौकांच्या बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लेसुद्धा खरवडून नेली. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने निर्बंध घातले ते २०१६ साली. उपाशी पाखराचा आणि उपाशी मच्छीमाराचा चोर एकच आहे.

आपण काय करायचे? कपाशीत एकरी आठ-दहा पक्षीथांबे उभे करा. कोतवाल आणि साळुंकी त्यावर बसून हिरवी बोंडअळी टिपतात. गुलाबी अळी बोंडाच्या आत असते, तिथे पाखराचा इलाज चालत नाही, हेही लक्षात ठेवा. ज्वारीत दाणा भरू लागला की थांबे काढून घ्या. बांधावरची बाभूळ आणि लिंब राखा.

जिल्हा बैठकीत ठराव मांडायचा तो असा: ग्रामसभेला विचारल्याशिवाय अभयारण्याची रेघ नको, नुकसानीची भरपाई त्याच हंगामात मिळावी, आणि राखणीचे काम व त्याची मजुरी गावालाच मिळावी.

पाखराशी आपले वैर नाही. पण त्याच्या चाऱ्याचे बिल एकट्या शेतकऱ्याच्या आणि मच्छीमाराच्या नावावर फाडू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.