त्याचं मन उघडून पाहिलं होतं का?

गेल्या रमजानमधली गोष्ट. दुपारी कामानिमित्त रंकाळ्यावरून जात होतो. एका गाड्यावर आमच्या मोहल्ल्यातला, कॉलेजला जाणारा मुलगा भेळ खाताना दिसला. मी मोबाइल काढला, फोटो घेतला आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या तरुणांचा रोजा!" ग्रुपमध्ये आम्ही फक्त सहा जण. पण इफ्तारच्या आधी तो फोटो त्याच्या वडिलांपर्यंत पोहोचला होता. त्या दिवसापासून तो मुलगा तरावीहला आला नाही.

तो आजारी होता, औषध चालू होतं, की त्याने रोजा नुसताच सोडला होता? मला आजही माहीत नाही. आणि ते शोधून काढायचा मला अधिकारही नव्हता. हिशेब तो आणि अल्लाह यांच्यामधला होता. मी उगाच मध्ये जाऊन उभा राहिलो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बग नोंदवताना आमचा साधा नियम असतो: काय घडलं ते लिहा. कोणी आळस केला, कोणाला कामाचं गांभीर्य नाही, हे लिहायचं नाही. लॉगमध्ये कृती दिसते, हेतू दिसत नाही. कोडच्या बाबतीत इतकी वर्षं पाळलेला हा नियम मी माणसाच्या बाबतीत एका मिनिटात विसरलो.

सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत एक क्रम आहे. आधी संशय, मग पाळत, मग गीबत, तिन्हींची मनाई. माझ्या हातून त्या दुपारी हे सगळं याच क्रमाने घडलं. आणि गीबत म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, असं कुरआन तिथेच बजावतो. म्हणजे भेळ खाणारा तो होता, पण मी काय खाल्लं?

हजरत उसामा (रजि.) यांची हदीस आपण ऐकलेली असते. लढाईत समोरच्याने कलिमा म्हटला, तरी तो भीतीपोटी म्हणाला असं समजून त्यांनी त्याला मारलं. प्रेषितांनी (स.) विचारलं, त्याचं मन उघडून पाहिलं होतंस का? रणांगणावरही जिथे हेतू ओळखण्याचा दावा चालला नाही, तिथे भेळेच्या गाड्यावर माझा कसा चालेल?

बदगुमानीचा चटका आपल्याला नवा नाही. २०२० मध्ये तब्लिगी जमातवर कोरोना पसरवल्याचा आरोप झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं म्हटलं. ७ जून २०२३ ला आपल्याच कोल्हापुरात काही जणांच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. मोजक्यांच्या स्टेटसवरून सगळ्यांची नियत ठरवली गेली, तेव्हा आपण दुखावलो. मग तीच मोजपट्टी आपण आपल्या पोरांना का लावतो?

कोणी म्हणेल, मग चूक दिसली तरी गप्प बसायचं? नाही. मशिदीच्या निधीचा हिशेब मागणं म्हणजे बदगुमानी नव्हे. घरात बायकोवर हात उगारणाऱ्याला अडवायलाच हवं. तिथे त्याचा हेतू विचारत बसायचं नसतं. दुसऱ्यावर जुलूम होत असेल तर कृती थांबवा. हुस्ने-जन हे जुलमावरचं पांघरूण नाही. आणि ज्याच्या चुकीचा त्रास दुसऱ्या कोणालाच नाही, त्याच्याशी बोलायचंच असेल तर एकांतात, प्रेमाने बोला.

ईदनंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो, त्याच्या वडिलांसमोर माफी मागितली. तो "असू दे, भाई" एवढंच म्हणाला. फोटो मी माझ्या मोबाइलमधून काढून टाकला. तो जिथे जिथे गेला, तिथून काढणं माझ्या हातात नाही. मुलगा अजून मशिदीत परतलेला नाही.

पुढच्या वेळी असं काही दिसलं, तर मोबाइल खिशातच राहू द्या. सलाम करा आणि पुढे चला.