पदाची मुदत आणि घराचे देणे

सरन्यायाधीशपदाची सूत्रे हाती असतानाच, २५ जुलै २०२५ रोजी, न्या. भूषण गवई अमरावती जिल्ह्यातील दारापूर या आपल्या मूळ गावी आले होते. विधान परिषदेचे माजी सभापती आणि पुढे बिहार व केरळ या राज्यांचे राज्यपाल झालेले त्यांचे वडील रा. सू. तथा दादासाहेब गवई यांची ती दहावी पुण्यतिथी होती. त्या प्रसंगी गावकऱ्यांसमक्ष बोलताना, निवृत्तीनंतर आपण कोणतेही शासकीय पद स्वीकारणार नाही, आणि जो अधिक अवकाश लाभेल तो दारापूर, अमरावती व नागपूर येथे घालविण्याचा यत्न करू, असे त्यांनी जाहीर केले. पुढे चार महिन्यांच्या आतच, २३ नोव्हेंबर रोजी, घटनेने घालून दिलेल्या पासष्ट वर्षांच्या मर्यादेनुसार ते निवृत्त झाले. त्यांच्या या उद्गाराच्या पूर्वार्धाची चर्चा व्हावी हे स्वाभाविकच होते. परंतु घरी परतण्याविषयीचा उत्तरार्ध केवळ घरगुती म्हणून बाजूस सारण्याजोगा नाही, असे मला वाटते. किंबहुना हे दोन भाग एकाच निश्चयाचे आहेत. कारण ज्याच्या मनातून पद सुटलेले नाही, तो देहाने घरी आला तरी कुटुंबात आला, असे म्हणता येत नाही.

वऱ्हाडातील लोकसेवकाच्या घराचा इतिहास हा बहुतांशी बदलीच्या हुकुमांचा इतिहास आहे. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात आला, १९०३ साली मध्य प्रांतास जोडला गेला आणि १९५६ साली विदर्भाच्या इतर जिल्ह्यांसह मुंबई राज्यात आला. दर फेरबदलासरशी येथील नोकरदाराच्या बदलीचा परीघही पालटला. आधीच्या पिढीतील अकोल्याच्या माणसाला जबलपूर, रायपूर किंवा होशंगाबाद येथे जाऊन हिंदीत कागद रंगवावे लागत, तर पुढच्या पिढीला मुंबईच्या दिशेने पाहावे लागले. विभागाच्या आतही यवतमाळ, बुलढाणा, वाशीम अशी भटकंती होतीच. आणि मेळघाटात नेमणूक झाली की साहेब धारणीस किंवा चिखलदऱ्यास, मुलांच्या शाळेपायी बिऱ्हाड अमरावतीस, आणि म्हातारे आईबाप गावाकडच्या वाड्यात, अशी एकाच कुटुंबाची तीन ठिकाणी वाटणी होई. सुगीच्या दिवसांत पैसेवारी, पावसाळ्यात पुराचा बंदोबस्त, मार्च अखेरीस वसुलीचा तगादा आणि मधूनमधून निवडणुका, यांतून ज्या सुट्ट्या उरत त्यांतही दौऱ्याची गाडी दाराशी उभी असे. अशा घरांतील मुलांना वडिलांची ओळख पुष्कळदा त्यांच्या आवाजापेक्षा त्यांच्या दप्तराच्या लाल बस्त्यांवरूनच अधिक होत असे.

या सेवेची किंमत सेवापुस्तकात नोंदली जात नाही; ती घरातल्या स्त्रियांनी चुकती केलेली असते. गवई यांनीच २०२५ च्या जून महिन्यात नागपूर येथे बोलताना सांगितले, की वडील सार्वजनिक कार्यात गढलेले असल्यामुळे मुलाबाळांनी भरलेल्या एकत्र कुटुंबाचा सारा भार त्यांची आई आणि काकू यांच्यावर पडला होता. स्वतः त्यांना वास्तुविशारद व्हावयाचे होते. परंतु स्वातंत्र्यचळवळीतील कारावासामुळे वडिलांची वकील होण्याची जी इच्छा अपुरी राहिली होती ती पुरी करण्यासाठी ते कायद्याकडे वळले, हेही त्यांनी तेथेच भरल्या गळ्याने सांगितले. अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यातील नगरपालिकेच्या शाळेत सुरू झालेला प्रवास देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जातो, तेव्हा त्याचे श्रेय आपण कर्तृत्वाला आणि राज्यघटनेला देतो, व ते योग्यच आहे. परंतु या श्रेयात स्वयंपाकघराचाही एक हिस्सा असतो आणि तो बहुधा थकीतच राहतो. निवृत्तीनंतर कुटुंबाला दिलेल्या वेळाला मी म्हणूनच विश्रांती किंवा चैन म्हणणार नाही. ती थकबाकीची फेड आहे.

मात्र ही फेड करण्याच्या मार्गात पहिला अडथळा उभा राहतो तो नव्या पदाच्या मोहाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशास भारतातील कोणत्याही न्यायालयात वकिली करता येणार नाही, असे घटनेच्या १२४ व्या अनुच्छेदाने सांगितले. परंतु आयोग, न्यायाधिकरणे, राजभवने आणि राज्यसभा यांची दारे उघडीच राहिली. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ साली, या न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर शासकीय नेमणूक स्वीकारू नये अशी शिफारस केली. आणि दैवदुर्विलास असा, की त्याच आयोगाचे एक सदस्य, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला, त्याच वर्षी राजदूत म्हणून अमेरिकेस रवाना झाले. छागलांची विद्वत्ता निर्विवाद होती, त्यांचे पुढील कार्यही मोलाचे होते. तथापि चांगल्या माणसांनीच पायंडा पाडला की मागून येणाऱ्यांना तो राजमार्ग वाटू लागतो. २०१४ साली निवृत्त झालेले एक सरन्यायाधीश त्याच वर्षी केरळचे राज्यपाल झाले आणि २०१९ साली निवृत्त झालेले दुसरे २०२० मध्ये राज्यसभेत गेले. अशा नेमणुकांनी लोकांच्या मनात संशय उत्पन्न होतो, हे गवई यांनी जून २०२५ मध्ये लंडन येथेही बोलून दाखविले होते. वडिलांनी दीर्घ सार्वजनिक जीवनाच्या अखेरीस राज्यपालपद भूषविले आणि मुलाने तसल्या पदांपासून दूर राहण्याचे ठरविले, यात मला विरोध दिसत नाही. लोकनेत्याचा मार्ग निराळा, न्यायाधीशाची मर्यादा निराळी.

जी गोष्ट दिल्लीत मोठ्या प्रमाणावर घडते तीच अकोल्याच्या कचेरीत लहान प्रमाणावर घडते. महाराष्ट्र शासनाचा बहुतेक नोकरवर्ग अठ्ठावन्नाव्या वर्षी आणि चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो; निरोपसमारंभातील शाल-श्रीफळ घरी पोहोचत नाही तोच कंत्राटी नेमणुकीची दरखास्त कोठे करावी, कोणत्या चौकशी समितीवर वर्णी लागेल, याची खलबते सुरू होतात. जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा वीस हजार रुपये मानधनावर नेमण्याचे शासनाने २०२३ साली ठरविले, तेव्हा पदविका घेऊन वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या तरुणांनी काय समजावे? अनुभव वाया जाऊ नये, हा युक्तिवाद मी हलका मानीत नाही. परंतु अनुभव देण्यासाठी खुर्ची लागतेच असे नाही. फेरफाराच्या नोंदीत अडकलेल्या कास्तकाराला अर्ज लिहून देणारा निवृत्त नायब तहसीलदार, किंवा अभ्यासिकेत संध्याकाळी गणित समजावून सांगणारा मुख्याध्यापक, यांच्या अनुभवाला कोणत्या हुकुमाची गरज भासते? अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी कोणत्याही पदावाचून आयुष्यभर लोकसेवा केली. पद आणि सेवा यांचा संबंध आपण समजतो तितका अविभाज्य नाही, याचा त्याहून मोठा दाखला वऱ्हाडाला कशास हवा?

दुसरा अडथळा अधिक सूक्ष्म आहे, कारण तो घराच्या आतच असतो. अकोल्याच्या रामदासपेठेत किंवा अमरावतीच्या रुक्मिणीनगरात शेजारी ज्यांना अजून ‘साहेब’ म्हणून हाक मारतात, त्यांपैकी पुष्कळांना घरातही शिपाई असावा असे वाटत राहते. सकाळचा चहा पाच मिनिटे उशिरा आला की खुलासा मागविला जातो, सुनेच्या खर्चावर लेखापरीक्षण होते आणि नातवाच्या अभ्यासाची तपासणी इतक्या कडकपणे होते की त्या बिचाऱ्याला आबाजींपेक्षा शाळेतले गुरुजी मायाळू वाटावेत. ‘बसा न आता निवांत, राजेहो!’ असे मित्र म्हणतात, परंतु तीन तपे आज्ञा देण्यात गेलेल्या माणसाला निवांत बसणे हीच सर्वांत अवघड कामगिरी वाटते. जन्मभर इतरांना दाखले देणाऱ्या या माणसावर दर नोव्हेंबरात स्वतःच्या हयातीचा दाखला सादर करण्याची वेळ येते. त्यातला विनोद ज्याला कळला, तो घरात रमण्यास योग्य झाला असे खुशाल समजावे.

आणखी एक वास्तव असे, की आपण परत येतो तेव्हा घर पूर्वीच्या जागी असले तरी कुटुंब तेथे असतेच असे नाही. मुले पुण्यास, बंगळूरास किंवा त्याहून दूर गेलेली असतात. पूर्वी आपली रजा नामंजूर होई, आता त्यांची होते. अशा वेळी वडीलपणाचा हक्क सांगून त्यांना बोलावण्यापेक्षा, त्यांना जमेल तेव्हा आपण जावे आणि ती आली की त्यांच्या कलाने घ्यावे. थंडीतला हुरडा, पाटोडीचे जेवण, श्रावणात पूर्णेचे पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघालेल्या कावडी नातवंडांना दाखविणे, ही कार्यक्रमपत्रिका कोणत्याही शासकीय समारंभापेक्षा उणी नाही. परंतु हा आनंद एकट्या पुरुषाचा ठरू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेतून किंवा रुग्णालयातून निवृत्त झालेल्या स्त्रीला दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपासून पूर्णवेळ स्वयंपाकघर मिळणार असेल, तर तिची निवृत्ती झाली नसून केवळ बदली झाली आहे.

या सुखाला मर्यादा आहेत, याचेही भान असावे. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात निक्षून सांगितले, आणि त्या हक्काच्या बळावरच आपली स्वस्थता उभी आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्यसेवेत आलेल्यांना ती जुनी निश्चिंतता मिळाली नाही, म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. आणि आपल्या अवतीभवतीचा कापसाचा शेतकरी तर सत्तराव्या वर्षीही तुरी-पऱ्हाटीच्या शेतात उभाच असतो. त्याला अठ्ठावन्नावे वर्ष येते, निवृत्ती येत नाही. ज्याच्या करातून आणि कष्टातून आपले वेतन निघाले त्याच्यापेक्षा अधिक भाग्य आपल्या वाट्यास आले आहे, हे जाणणाऱ्याने ते भाग्य दुसऱ्या पदासाठी झिजविण्यात उधळू नये.

म्हणून या महिनाअखेरीस ज्यांचा कार्यभार सुटणार आहे त्यांना माझे सांगणे एवढेच, की कचेरीच्या चाव्या रीतसर सोपवाव्यात, उत्तराधिकाऱ्याला न विचारता सल्ला देण्याचे टाळावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या ज्या व्यक्तीने इतकी वर्षे आपल्या वाटचा भार उचलला तिला विचारावे, की आता यातले कोणते काम माझ्याकडे देता? जे उत्तर मिळेल ते हुकूम समजून पाळावे.